पीसी हँग होतोय? थांबा, लगेच फॉरमॅट मारू नका!

मित्रांनो, सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलमधले पीसी आजारी पडायला लागतात. कुणाचा हँग होतो, कुणाचा खटकन बंद पडतो. लगेच रूममधले चार तज्ज्ञ एकमुखाने सांगतात, "फॉरमॅट मार!" फॉरमॅट मारून दोन दिवस झाले की पीसी पुन्हा बंद, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट गेला तो गेलाच. आमच्या विंगमधले बरेच पीसी मी उघडून पाहिलेत. त्यावरून एकच सांगतो, पीसी बंद पडतो म्हणजे नेमका कसा पडतो, ते आधी बघा. अर्धा रोग तिथेच कळतो.

मात्र सगळ्यात आधी, पीसी चालू आहे तोवर रिपोर्ट आणि कोड पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर.

बटण दाबल्यासारखा खटकन बंद होतो? मग संशय वीजपुरवठ्यावर. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर पीसी, इस्त्री आणि चहाची किटली असेल तर आधी ती गर्दी हटवा. मागची पॉवर केबल घट्ट बसवा. पुढचं पॉवर बटण अडकत नाही ना, तेही बघा. ते चारेक सेकंद दाबलेलं राहिलं तर पीसी आपोआप बंद होतो! फक्त गेम किंवा रेंडरिंग सुरू केल्यावरच बंद होत असेल तर एसएमपीएसला लोड झेपत नसावा. मित्राचा चांगल्या क्षमतेचा एसएमपीएस तासभर लावून बघा. बायोसमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी. पण एसएमपीएस उघडायचा नाही म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद होतो? मग बहुधा गरमी. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे पीसी रखडतो. तरीही तापत राहिला तर जीव वाचवायला बंद होतो. कॉटखाली ढकललेल्या कॅबिनेटमध्ये धुळीची गादी तयार झालेली असते. प्लग काढा, फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्रशने धूळ झाडा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर जुनी पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावा.

स्क्रीन गोठते, पण पीसी चालूच राहतो? नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे. एखादं सॉफ्टवेअर अडकलंय किंवा हार्ड डिस्क रखडतेय. टास्क मॅनेजर उघडून डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय का बघा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत तपासा. तिथे 'कॉशन' दिसलं तर नवी डिस्क घ्यायची तयारी ठेवा. दिवा ढिम्म असेल तर हार्डवेअर किंवा ड्रायव्हरकडे वळा.

निळी स्क्रीन येते, तीही दर वेळी वेगळ्या एररची? मग रॅम बघा. पट्टी काढून कॉन्टॅक्ट हळुवार पुसा आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. रात्री झोपताना मेमटेस्ट लावून ठेवा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी काहीतरी गडबड आहेच, मग पट्टी आणि स्लॉट बदलून कोण दोषी ते ठरवा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की बरेच जण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. कारण ते सांगत नाही, ते आपल्यालाच शोधायचंय.

शेवटचा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकदम बदललंत तर पीसी सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि खिसा मात्र रिकामा होईल. आधी फुकटातले उपाय, मग उसने पार्ट आणि मग खरेदी. इतकं सगळं करूनही पीसी बधला नाही, तर मग खुशाल फॉरमॅट मारा. रिपोर्ट पेनड्राइव्हवर आहेच!