अबोल मूल आणि त्याचा गांव



दसरा-दिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील गांवें रितीं होऊं लागतात. हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तेथें नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजतात. अशा घरांत एखादें स्वमग्न मूल असेल तर त्याचें काय होत असेल, याचा विचार आज करावयाचा आहे.

स्वमग्नता हा रोग नव्हे, वेड नव्हे, कीं आईच्या संगोपनांतील दोषही नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणींतील भिन्नता होय. अशा मुलास नेहमींची वाट, नेहमींची थाळी, ओळखीचे आवाज यांचा मोठा आधार वाटतो. कोपींतला मुक्काम व रोजचा नवा फड हा आधारच काढून घेतो. आजीजवळ गांवीं ठेवावें, तर आईबाप दुरावतात.

१९४३ सालीं डॉ. लिओ कॅनर यांनीं अमेरिकेंत ११ मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. लहानपणीं त्याला एका संस्थेंत ठेविलें होतें. परंतु आईबापांनीं त्याला घरीं परत आणिलें. मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट या लहानशा गांवांत तो वाढला, पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस लागला, गोल्फ खेळूं लागला. गांवानें त्याच्या लकबी आपल्याच मानल्या. २०२३ सालीं, ८९ व्या वर्षीं, तो वारला. त्याचें घराणें सधन होतें, हें खरें. परंतु शेजाऱ्यांचा स्नेह कांहीं पैशानें मिळत नाहीं.

हा स्नेह आपल्याकडेही शक्य आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें चालतात. तेथें एका समंजस सोबत्यानें रोज त्याच जागीं, त्याच्याच शेजारीं जेवावयास बसावें. बोलण्याचा आग्रह धरूं नये. दिनक्रम बदलावयाचा असल्यास गुरुजींनीं आदल्या दिवशीं सांगावें. मूल कान झांकून घेऊं लागलें तर हंसूं नये. त्याला गोंगाटापासून दूर न्यावें. मैत्रीची सुरुवात कित्येकदां अशा मुक्या शेजारानेंच होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळें दाखला व सवलती मिळूं शकतात. परंतु मधल्या सुटींत शेजारीं कोण बसणार, हें कायदा ठरवूं शकत नाहीं. तें आपल्या मुलांनीं ठरवावयाचें आहे, आणि आपलीं मुलें तें आपल्याकडे पाहूनच शिकतात. शहरांत राहणाऱ्या आपणां सर्वांच्या शेजारींही असें एखादें घर असेल. सणाच्या दिवशीं त्या मुलालाही बोलवावें. तें थोडाच वेळ थांबलें, तरी तें आलें याचा आनंद मानावा.