घोटा धरायचा नाही, असे शिकलेला कबड्डीपटू

खेळ दूरचे, खेळ जवळचे : भाग ७

८ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादच्या कबड्डी विश्वचषकात भारताने ऑस्ट्रेलियाला ५४-२० असे धुतले. हा सामना फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. आदल्याच दिवशी दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले होते आणि जो तो त्याच पराभवाबद्दल बोलत होता. ऑस्ट्रेलियावर राग निघाला, एवढीच या सामन्याची नोंद. पण हरलेल्या संघाच्या कर्णधाराकडे जरा थांबून पाहायला हवे. कॅम्पबेल ब्राउन, वय ३३. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये दोनशेहून अधिक सामने खेळलेला, देशाचे अजिंक्यपद मिळवलेल्या संघातला गडी. एक लाख लोकांसमोर खेळलेला हा माणूस आता १३ मीटर बाय १० मीटरच्या मॅटवर उभा होता आणि त्याची उत्तरपूजा होत होती.

गेल्या भागात आपण ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, म्हणजे तिथल्या लोकांच्या ‘फूटी’चा, जन्म पाहिला. क्रिकेटपटूंचे अंग हिवाळ्यात सुस्त पडू नये म्हणून टॉम विल्सने सुचवलेला खेळ, आणि १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेलेले पहिले नियम. त्या नियमांची थोडी उजळणी करू, कारण ब्राउनचे पुढे जे झाले ते नियमांमुळेच कळते. मैदान क्रिकेटसारखे लंबगोल, लांबी १३५ ते १८५ मीटर. एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू पायाने मारायचा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, फेकायला मनाई. हातात घेऊन पळता येते, पण दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू थेट गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या फटीतून गेला की ‘बिहाइंड’, १ गुण. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला धरून पाडता येते, मात्र खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. हा शेवटचा नियम पुढे कामाला येणार आहे.

ब्राउनचे वडील मॅल ब्राउन हे पश्चिम ऑस्ट्रेलियातले गाजलेले आणि तितकेच तापट खेळाडू. १९६९ मध्ये ईस्ट पर्थकडून खेळताना त्यांना सँडोव्हर पदक मिळाले. त्या लीगमधल्या सर्वांत सभ्य आणि उत्तम खेळाडूला हे पदक देतात. मॅलसाहेबांवर त्यांच्या कारकिर्दीत ज्या बंद्या आल्या त्या पाहता पंचांनी सभ्यतेकडे थोडी डोळेझाक केली असावी. १९७४ मध्ये ते एका हंगामापुरते मेलबर्नच्या रिचमंड क्लबकडे गेले आणि अजिंक्यपद घेऊनच परतले.

मुलगा २००१ च्या ‘ड्राफ्ट’मधून हॉथॉर्न क्लबकडे आला. या पद्धतीत अठरा वर्षांच्या आसपासची पोरे नाव नोंदवतात आणि क्लब पाळीपाळीने एकेकाला उचलतात. आदल्या हंगामात जो क्लब तळाला राहिला, त्याला आधी निवडायचा हक्क. दुबळ्याला चांगली पोरे मिळावीत आणि त्याच त्या क्लबांनी वर्षानुवर्षे जिंकत राहू नये, हा हेतू. पोराने कुठे जायचे हे मात्र पोराच्या हाती नसते. पर्थच्या मुलाला खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला ब्रिस्बेनला जावे लागू शकते. त्या वर्षी हॉथॉर्नने सगळ्यांत आधी ल्यूक हॉजला उचलले, जो पुढे त्यांचा कर्णधार झाला. ब्राउनचा नंबर नंतरच्या फेरीत लागला.

फूटीत उंच गड्यांची चलती असते. ब्राउन त्या मानाने बेताच्या उंचीचा. त्याची जागा बचावफळीत, प्रतिस्पर्ध्याच्या चपळ आक्रमकाला चिकटून राहण्याची. अंगावर जाणे, धडक घेणे आणि देणे हा त्याचा हुकमी गुण, आणि त्यानेच त्याच्यावर पुन्हा पुन्हा बंदी आणली. २००७ मध्ये त्याची निवड देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात झाली. हा संघ प्रत्यक्ष सामना खेळत नाही, नावे जाहीर होतात एवढेच. पण खेळाडूच्या लेखी ते मोठे प्रमाणपत्र.

२००८ चा अंतिम सामना मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. २७ सप्टेंबर, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, प्रेक्षक १,००,०१२. हॉथॉर्नसमोर जिलाँग क्लब, ज्यांनी साखळीच्या २२ सामन्यांत फक्त एक गमावला होता. निकाल लागला तेव्हा जिलाँगच्या नावावर ११ गोल आणि २३ बिहाइंड होते, म्हणजे ८९ गुण. हॉथॉर्नचे १८ गोल आणि ७ बिहाइंड, ११५ गुण. गुण जिलाँगच्या खात्यात ३४ वेळा जमा झाले, हॉथॉर्नच्या २५ वेळाच, तरी जिंकले हॉथॉर्न.

त्या २३ बिहाइंडमध्ये एक चलाखी दडलेली होती. फूटीत बचाव करणारा संघ स्वतःच चेंडू आपल्या खांबांमागे ढकलू शकतो. समोरच्याला १ गुण मिळतो, पण ६ गुणांचे संकट टळते आणि चेंडू पुन्हा आपल्या ताब्यात येतो. त्या दिवशी हॉथॉर्नकडून असे ११ गुण दिले गेले. नियमात बसणारे होते, पण पाहणाऱ्यांना खटकले, आणि २००९ पासून मुद्दाम असे करणाऱ्याच्या विरोधात खांबांसमोरच फ्री किक देण्याचा नियम आला. कबड्डीत लोण वाचवण्यासाठी एखादा बोनस सोडून देणारा कर्णधार आपण सारे पाहतो आणि त्याच्या डोक्याला दाद देतो. माझ्या मते हॉथॉर्नच्या बचावफळीने वेगळे काही केले नव्हते.

यानंतर कारकिर्दीला उतार लागला. २०११ मध्ये लीगने क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर गोल्ड कोस्ट सन्स हा नवाकोरा क्लब उभा केला. त्याला बळ मिळावे म्हणून जुन्या क्लबांचे, करार संपलेले खेळाडू घेण्याची मुभा होती, एका क्लबातून जास्तीत जास्त एक. जिलाँगकडून गॅरी ॲब्लेट (धाकटा) आला, हॉथॉर्नकडून ब्राउन. नवख्या पोरांना सांभाळणारा अनुभवी गडी ही त्याची भूमिका. पहिल्या हंगामात २२ सामन्यांत ३ विजय आणि तळाचे स्थान. २०१३ च्या हंगामानंतरच्या अमेरिका सहलीत त्याची एका सहकाऱ्याशी हाणामारी झाली, सहकाऱ्याचा जबडा मोडला आणि क्लबने ब्राउनला काढून टाकले. वय ३०. ज्यांना सांभाळायला नेमले त्यांच्यातल्याच एकाचा जबडा मोडणे, याचे समर्थन होऊ शकत नाही; क्लबने केले ते योग्यच. त्याच वर्षी हॉथॉर्न पुन्हा अजिंक्य ठरले, आणि २०१४, २०१५ लाही.

हकालपट्टीनंतर तीन वर्षांनी ब्राउन कबड्डीच्या मॅटवर. संघात फूटीतून आलेले आणखीही काही जण होते. कल्पना सरळ होती: धष्टपुष्ट गडी आहेत, आयुष्यभर माणसे धरून पाडली आहेत, जमेल. मग जमले का नाही?

आता तो नियम आठवा. फूटीत गुडघ्याखाली धरले की शिट्टी वाजते. कबड्डीत कोपऱ्यावरच्या खेळाडूचे मुख्य हत्यार म्हणजे घोट्याची पकड. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो, त्या क्षणी खाली झेपावून घोटा धरायचा. ब्राउनला लहानपणापासून जे करू नकोस म्हणून बजावले गेले, नेमके तेच इथे करायचे होते. अंगात मुरलेली सवय एका शिबिरात मोडत नाही. हात आपोआप कमरेकडे जातात, आणि कमरेकडे गेलेले हात भारताच्या चढाईवाल्याला हवेच असतात. तो त्यांना स्पर्श करून मध्यरेषेकडे झेप घेतो.

दुसरी अडचण डोक्याची. फूटीत चेंडू कुठे आहे यावर सगळी नजर असते. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला धरणे हा फाउल. कबड्डीत चेंडूच नाही. चढाईवाला हाच चेंडू आणि हाच मारणाराही. त्याला धरायची घाई केली तर गुण त्याला, उशीर केला तर तो परत गेलेला. शिवाय एकट्याने धरून भागत नाही. कोपऱ्यावरच्याने पाय धरला की शेजारची साखळी त्याच क्षणी मिटली पाहिजे, नाहीतर ७५ किलोचा गडी दोघांना ओढत रेषेला हात लावतो. आणि दम. फूटीचा खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर धावतो. त्याचे फुप्फुस लांब पल्ल्याचे. इथे ३० सेकंदांची चढाई, त्यात एकाच श्वासात ‘कबड्डी कबड्डी’, आणि निर्णय लागतो तो अर्ध्या सेकंदात.

जे आले ते म्हणजे धडक. चढाईवाल्याला खांद्याने मैदानाबाहेर उडवणे कबड्डीत चालते, आणि तिथे फूटीवाले कमी पडत नाहीत. धाडसही होते. पण तेवढ्यावर त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला एकच विजय मिळाला, तोही अर्जेंटिनावर. विश्वचषक भारतानेच जिंकला. २२ ऑक्टोबरला इराणविरुद्ध मध्यंतराला १३-१८ असे मागे असताना ३८-२९ असा, आणि त्यात अजय ठाकूरच्या चढाईचे १२ गुण.

धष्टपुष्ट फूटीवाले कबड्डीत कमी पडले, यात तेलंगणातल्या आपल्या उटनूरकडच्या वाचकाला नवल वाटणार नाही. आयटीडीएच्या (एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेच्या) आश्रमशाळांतल्या स्पर्धांत कोपऱ्यावर उभे राहणारे किडकिडीत पोरगे घोटा कसा धरते, हे ज्याने पाहिले त्याला ठाऊक आहे की हा खेळ दंडाच्या घेरावर चालत नाही. उटनूर-नारनूरच्या मातीवर एकाच संघात कुणी गोंडीत ओरडतो, कुणी तेलुगूत, कुणी मराठीत, कुणी लंबाडीत, आणि साखळी तरीही वेळेवर मिटते. या पोरांना उणीव आहे ती पुढच्या वाटेची. ब्राउनला अठराव्या वर्षी एका ठरलेल्या रांगेने उचलले आणि तळाच्या क्लबालाही चांगला गडी मिळेल अशी सोय होती. आपल्याकडे २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, पण तिथला दरवाजा लिलावाचा. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना विकला गेला, आणि विकत घेणारा संघ होता आपल्या तेलंगणाचा तेलुगू टायटन्स. मराठी पोराला हैदराबादची जर्सी मिळाली याचा आनंद आहेच. पण लिलाव आधीच नाव झालेल्याला शोधतो. गावातल्या मातीवरून पहिल्या मॅटपर्यंत पोराला नेण्याचे काम शाळेचा पीटी मास्तर करतो, आणि तो पुष्कळदा स्वतःच्या खिशातून बसभाडे भरतो.

फूटीवाल्यांनी नाद सोडलेला नाही. २८ डिसेंबर २०२४ रोजी, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मेलबर्नलाच चालू असताना, तिथल्या जॉन केन अरीनात प्रो कबड्डीचे निवडक खेळाडू आणि माजी फूटी खेळाडूंचा संघ समोरासमोर आले. पुढच्या भागात उलटा प्रवास पाहू: फूटीचा लंबगोल चेंडू भारतात कुठे कुठे पोचला, आणि १८५९ च्या त्या नियमांचे इथल्या मैदानांवर काय झाले.