एका वर्षाचे माकूळ

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉल जाळ्यांत विपुल प्रमाणात मिळणाऱ्या माकुळाचे शास्त्रीय नाव युरोट्युथिस दुवॉसेली असे असून, शिंपल्या-गोगलगायींच्या मृदुकाय संघातील हा प्राणी जन्म, वाढ, प्रजनन आणि मृत्यू हे सारे साधारण वर्षभरातच उरकतो. त्याच्या डोक्यातील संतुलनाश्मावर, म्हणजे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अवयवातील चुनखडीच्या सूक्ष्म खड्यावर, दररोज एक वलय चढते आणि या वलयांच्या मोजणीवरून अभ्यासक त्याचे वय ठरवतात.

माकुळात नर आणि मादी वेगवेगळे असतात व या जातीत नर आकाराने मोठा होतो. प्रौढ नराच्या पोटाकडच्या डाव्या बाहूच्या टोकाशी चूषकांऐवजी बारीक मांसल उंचवटे तयार झालेले असतात. शुक्राणू पाण्यात मोकळे न सोडता नर त्यांच्या नळीसारख्या पुड्या बांधतो आणि याच बाहूने त्या मादीच्या प्रावारात, म्हणजे अंगरख्याप्रमाणे आतील अवयवांना वेढणाऱ्या मांसल आवरणात, किंवा तिच्या तोंडाखाली ठेवतो. पुडीच्या टोकाशी वेटोळून बसलेली यंत्रणा झटक्याने उलटी बाहेर येते आणि शुक्राणूंची पिशवी मादीच्या अंगाला चिकटवते. या दोन जागांमागे नरांची स्पर्धा असू शकते. जपानच्या किनाऱ्यावरील हेटेरोलोलिगो ब्लीकेरी या जातीत मोठे नर मादीची राखण करून अंडवाहिनीजवळ पुड्या ठेवतात, तर लहान नर चोरपावलांनी येऊन त्या तोंडाजवळ चिकटवतात. विशेष म्हणजे या लहान नरांचे शुक्राणू मोठ्यांच्या शुक्राणूंपेक्षा लांब असतात.

बाजारातून आणलेली पक्व मादी साफ करताना प्रावारात जी पांढरी, फुगीर ग्रंथींची जोडी दिसते, ती अंड्यांभोवतीचे चिकट वेष्टण स्रवते. तिच्यालगतच्या लहान साहाय्यक ग्रंथी पक्वतेच्या वेळी नारिंगी-तांबूस होतात, कारण त्यांत रंगीत जिवाणूंच्या वसाहती वाढलेल्या असतात. हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माकुळावरील प्रयोगांत असे जिवाणू काढून टाकल्यावर अंड्यांवर बुरशी माजल्याचे आढळले आहे. मादी अंड्यांची राखण करीत नसल्यामुळे हे संरक्षण मोलाचे ठरते.

बोटासारख्या लांबट वेष्टणांत भरलेली ही अंडी समुद्रतळावरील दगड, शिंपा किंवा बुडालेल्या दोरखंडांना झुपक्यांनी चिकटवली जातात. बाहेर पडणारे पिल्लू खेकड्याच्या डिंभकासारखे निराळ्या रूपाचे नसते, तर बाहू, शाईची पिशवी आणि रंग पालटणाऱ्या पेशी घेऊनच पोहू लागते.

सुरमईसारख्या अनेक वर्षे जगणाऱ्या माशांत एखादा हंगाम वाया गेला, तरी मागील वर्षांचे मासे पुन्हा अंडी घालू शकतात. माकुळाच्या साठ्यात मात्र अशी शिल्लक जवळजवळ नसते. महाराष्ट्रातील पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै या काळात असते, पण या जातीचे प्रजनन कमीअधिक प्रमाणात वर्षभर चालू राहते आणि तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे प्रौढ माकुळांबरोबर अंड्यांचे झुपकेही उखडते. म्हणूनच केवळ तारखांची बंदी माकुळासाठी अपुरी आहे आणि अंडी घालण्याच्या जागा मच्छीमारांच्या मदतीने निश्चित करून तेथे ट्रॉलला मज्जाव करणे अधिक उपयोगाचे ठरेल.