जॅझ ऐकताना : भाग ९
सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरचं तळघर

मागच्या भागात आपण माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'पर्यंत आलो होतो. ते ध्वनिमुद्रण १९५९ सालचं, एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या उंच छताच्या स्टुडिओतलं. त्यात एक चीज सोडली तर सगळीकडे पियानोवर बिल इव्हान्स आहे. दोन वर्षांनी हाच इव्हान्स न्यूयॉर्कच्या एका तळघरात, गिऱ्हाइकांच्या गप्पांमध्ये वाजवताना ऐकू येतो. आज त्या तळघराविषयी.

'व्हिलेज वँगार्ड' हे त्याचं नाव. ग्रीनिच व्हिलेज भागात, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर लाल दारातून आत शिरायचं आणि अरुंद जिना उतरायचा. मॅक्स गॉर्डन या गृहस्थाने १९३५ साली इथे बस्तान बसवलं. आधी कवी, नकलाकार, लोकगीतं गाणारे असा सगळा मेळा असे. १९५७ पासून मात्र फक्त जॅझ. खोली त्रिकोणी, निमुळत्या टोकाशी छोटंसं स्टेज, आणि जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी जागा. समोरासमोर सरळ भिंती नाहीत, छत बुटकं. त्यामुळे आवाज घुमत नाही, जवळून आणि कोरडा ऐकू येतो. स्वयंपाकघर आहे, पण खायला काही मिळत नाही! तिथे वादक बसतात. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते २०१६ साली बंद झालं) जॅझचा कप्पा चाळणाऱ्यांना हे नाव रेकॉर्डच्या कव्हरांवरून पाठ असे. 'लाइव्ह ॲट द व्हिलेज वँगार्ड' असं लिहिलेल्या रेकॉर्डी निघाल्या तरी किती!

त्यातली पहिली सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची, ३ नोव्हेंबर १९५७ची. सोबत फक्त बेस आणि ड्रम, पियानो नाहीच. पियानो नसला की पाठीमागून कुणी स्वरांची चौकट आखून देत नाही, आणि रॉलिन्स तिथे मन मानेल तसा फिरतो. ती रेकॉर्ड जरूर ऐका. पण मला आज रेंगाळायचंय ते २५ जून १९६१च्या रविवारी.

त्या दिवशी बिल इव्हान्सच्या त्रिकुटाने पाच सेट वाजवले, दुपारी दोन आणि रात्री तीन. बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स यांनी यंत्रसामग्री तळघरात आणून मांडली होती. पहिल्याच चिजेत, 'ग्लोरियाज स्टेप'मध्ये, वीज गेली आणि टेपवर खंड पडला. ती खंडित चीजसुद्धा २००५ साली निघालेल्या तीन सीडींच्या संचात आहे.

या तिघांनी नवीन काय केलं, ते समजायला बेसकडे कान लावायला हवा. तोवर बेसवाल्याचं मुख्य काम म्हणजे चार मात्रांना चार स्वर, एकापुढे एक पाऊल टाकत जाणं. तबलजीने साधा ठेका धरून बसावं, तसं. लाफारोने हे पाऊल टाकणंच पुष्कळदा सोडून दिलं. त्याने बेसच्या तारा पट्टीच्या अगदी जवळ आणून घेतल्या होत्या, त्यामुळे एवढ्या अगडबंब वाद्यावर त्याची बोटं गिटारच्या चपळाईने फिरत. इव्हान्सने एक वाक्य म्हणावं, लाफारोने ते वरच्या पट्टीत परतवावं, कधी मध्येच तोडावं. मोशनही ताल मोजून दाखवत नाही. ब्रशने कातड्यावर सळसळ करतो, झांजेला हलकेच स्पर्श करतो. मात्रा कुणीच उच्चारत नाही, पण तिघांच्याही मनात ती चालू असते आणि समेवर तिघे बरोबर भेटतात. नवख्या कानाला सुरुवातीला हे विस्कळीत वाटतं. वाटू द्या.

'माय फूलिश हार्ट' ही चीज घ्या. जेमतेम पाच मिनिटांची. इव्हान्स मूळ चाल फारशी सोडतच नाही. उपज अशी जवळजवळ नाहीच. लाफारो, एरवी इतका बोलका, इथे मोजके खर्जातले स्वर टाकून थांबतो. आणि त्या थांबण्यात काय ऐकू येतं? पेल्यांची किणकिण. कुणाच्या तरी गप्पा. हसणं. समोर जॅझमधलं अत्यंत नाजूक वादन चाललंय आणि लोक आपले ड्रिंक घेत बोलताहेत.

पुष्कळ रसिकांना याचा राग येतो. हे आवाज यंत्राने पुसून टाकता आले तर बरं, असं म्हणणारेही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. कारण त्या गप्पांवर मात करायला तिघांपैकी कुणीही आवाज चढवत नाही. उलट मोशन आणखी हळू होतो. क्लबातल्या वादकाची खरी परीक्षा ही असते, आणि स्टुडिओच्या शांततेत ती होतच नाही. गोंगाट पुसला तर ती शांतता कशातून कमावली होती, तेच कळणार नाही.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. इव्हान्स इतका खचला की कित्येक महिने त्याने जाहीर वादन केलं नाही. आधी निघालेल्या 'संडे ॲट द व्हिलेज वँगार्ड'मध्ये चिजांची निवड लाफारोला समोर ठेवून केलेली आहे: सुरुवात त्याच्या 'ग्लोरियाज स्टेप'ने, शेवट त्याच्याच नऊ मात्रांच्या 'जेड व्हिजन्स'ने. उरलेल्यांपैकी काही चिजा पुढच्या वर्षी 'वॉल्ट्झ फॉर डेबी'त आल्या. डेबी ही इव्हान्सची पुतणी. दुसरी रेकॉर्ड अधिक गोड आणि अधिक लोकप्रिय. माझ्या मते मोठी मात्र पहिली.

त्याच १९६१च्या नोव्हेंबरात, त्याच तळघरात जॉन कोल्ट्रेनचं ध्वनिमुद्रण झालं. इव्हान्स जितका हळुवार, तितका हा धगधगता. 'चेसिन द ट्रेन' रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापते, सोळा मिनिटं, आणि कोल्ट्रेन क्षणभरही उसंत घेऊ देत नाही. त्याच मुक्कामात त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. दोन बेस एका आधारस्वराभोवती घुटमळत राहतात आणि वरती सॅक्सोफोन. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. कोल्ट्रेनला रविशंकरांच्या संगीताची ओढ होती. मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं.

मॅक्स गॉर्डन १९८९ साली गेले. मग त्यांच्या पत्नी लॉरेन यांनी २०१८पर्यंत क्लब सांभाळला, त्यानंतर मुलीने. दर सोमवारी मोठ्या बँडचं वादन होतं, तो शिरस्ता १९६६चा आहे.

आता गृहपाठ. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर 'वॉल्ट्झ फॉर डेबी'पासून सुरुवात करा, आणि शक्यतो हेडफोन लावून. एकदा फक्त पियानो ऐका, दुसऱ्यांदा पियानोकडे काणाडोळा करून फक्त बेस. त्यानंतर 'संडे'कडे वळा. कोल्ट्रेनसाठी मात्र घरातल्यांची परवानगी काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात आपण मुंबईत येऊ: ताजमहाल हॉटेलात वाजवणारे गोव्याचे वादक, आणि १९७८ची जॅझ यात्रा. वँगार्डमध्ये भेटलेले सनी रॉलिन्स तिथे पुन्हा भेटतील.