तुतीच्या सावलीत चार दिवस

फजरची नमाज आटोपून आम्ही खिडकी उघडली, तेव्हा धक्क्यावर दोनच आवाज होते. होड्यांच्या कडेला थपथपणारे पाणी आणि जाळे झटकणाऱ्या म्हाताऱ्या मच्छीमाराचा खोकला. ग्रीसच्या लेसव्हॉस बेटावर, स्काला सिकामनियास या कोळीवाड्यात आमची ती पहिली सकाळ.

मुंबईहून अथेन्स, तिथून तासाभराचे विमान मितिलिनीला आणि पुढे जैतुनाच्या बागांतून डोंगर ओलांडणारा वळणावळणाचा रस्ता. उतार संपला की इवलेसे बंदर दिसते. रंगीत होड्या, पिवळ्या जाळ्यांचे ढीग, त्यांवर झोपलेली मांजरे आणि खडकावर उभे एक पांढरे छोटेसे चर्च. ‘सिकामनिया’ म्हणजे तुती. धक्क्यावरच्या तुतीच्या सावलीत खानावळीची टेबले मांडलेली असतात. लेखक स्त्रातिस मिरिविलिस याच परिसरातले. या चर्चचे नाव त्यांनी आपल्या १९४९ च्या कादंबरीला दिले.

पाहण्यासारखे इथे फार काही नाही, आणि हेच आम्हाला हवे होते. सकाळी पोहणे, दुपारी झोप, असरनंतर धक्क्यावर एक कप घट्ट कॉफी. गावात मशीद नाही. आग्नेयेला तोंड करून खोलीतच जानमाज अंथरला. जेवणाची चिंता होती, तीही मिटली. निखाऱ्यावर भाजलेली ताजी तारली, वर जैतुनाचे तेल नि लिंबू. सोबत टोमॅटो, काकडी आणि पाव. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस पाहून मुले हरखली. आम्ही कोकणातले शाफई, त्यामुळे तेही चाखले. मात्र रश्श्यातला ऑक्टोपस बरेचदा वाइनमध्ये शिजवतात, म्हणून भाजलेलाच मागवला. जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे. मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये गेल्यास ऊनही सोसवते.

मगरिबनंतर समोरच्या काठावर दिवे लागत. तो तुर्कस्तान, जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. मुलांनी विचारले, “इतक्या जवळ आहे, तर लोक होडीने येत-जात असतील ना?”

त्या प्रश्नाने आमच्या सुटीचा रंग बदलला.

हो, लोक आले होते. २०१५ या एका वर्षात सुमारे पाच लाख माणसे हे पाणी ओलांडून लेसव्हॉसला पोहोचली. सीरिया, अफगाणिस्तान, इराक इथली कुटुंबे रबरी होड्यांत कोंबून निघालेली. कित्येक जण पोहोचलेच नाहीत. आम्ही ज्या पाण्यात डुंबत होतो, तेच हे पाणी. त्या दिवसांत गावातले मच्छीमार मासे सोडून माणसे ओढून काढत होते. त्या ऑक्टोबरमधले एक छायाचित्र जगभर गाजले. बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन आज्या बसल्या आहेत, आणि त्यांतली एक नुकत्याच उतरलेल्या सीरियन आईच्या तान्ह्याला बाटलीने दूध पाजते आहे. ती एमिलिया काम्विसी. तिचे आणि याच गावचा मच्छीमार स्त्रातिस वालियामोस याचे नाव २०१६ च्या नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले गेले.

या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांचे आईवडील १९२२ मध्ये समोरच्याच किनाऱ्यावरून जीव घेऊन पळाले होते. आणि १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत या बेटावरच्या मुसलमानांना घरे, बागा, कबरी मागे टाकून तिकडे जावे लागले. मितिलिनीच्या जुन्या बाजारातली येनी जामी ही मशीद आज अजानीविना उभी आहे. दोन्ही काठांना हिजरत ठाऊक आहे.

पुढे सगळे गोडच राहिले असे नाही. बेटावर ताण वाढला, मोरियाची छावणी क्षमतेच्या कितीतरी पट भरली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जळून गेली. पण पहिल्या दिवसांत या कोळीवाड्याने जे केले, ते त्यामुळे पुसले जात नाही.

मुहाजिर आणि अन्सार यांची गोष्ट आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मदिनेच्या लोकांनी मक्केहून आलेल्यांना घरात, शेतात, ताटात वाटा दिला. त्या संध्याकाळी तीच गोष्ट आम्ही पुन्हा सांगितली. धाकटीने विचारले, “मग त्या आज्या अन्सार झाल्या का?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर कोणीच दिले नाही. पण तिला ते मिळाले असावे.

निघायच्या सकाळी तो म्हातारा पुन्हा जाळे झटकत होता. भाषा येत नव्हती. त्याने छातीवर हात ठेवला, आम्हीही ठेवला. विश्रांती मिळाली, अल्हम्दुलिल्लाह. परतल्यापासून आमच्या घरातल्या दुआत एक ओळ वाढली आहे: या अल्लाह, आज रात्री जे पाण्यावर आहेत, त्यांना किनारा दे, आणि किनाऱ्यावर माणसे दे.