पोरगी नोकरी सोडून गावाकडं येते म्हणाली तर?



"पुण्यातली नोकरी सोडते, गावाकडं येते, चार-पाच जण मिळून शेती करतो." पोरीनं असं म्हटलं की घरात पहिला शब्द निघतो, "खुळी झालीस का गं?" शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नसतं. भावकी काय म्हणेल ही भीती वेगळीच. काळजी खोटी नाही. पण हो किंवा नाही म्हणण्याआधी आपल्याच भागात घडलेल्या दोन गोष्टी समजून घेऊ.

कासेगावच्या गेलताई

ईश्वरपूरजवळचं (पूर्वीचं इस्लामपूर) कासेगाव, आपल्याच वाळवा तालुक्यातलं. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करून १९७३ साली त्यांनी बर्कले विद्यापीठाची पीएचडी मिळवली. अमेरिकेत प्राध्यापकी करता आली असती. पण त्या कासेगावात सासरी राहिल्या. १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ साली कासेगावातच त्यांचं निधन झालं. त्यांचे पती भारत पाटणकर डॉक्टरी शिकले, पण शेतकरी-कष्टकऱ्यांच्या चळवळीत पूर्णवेळ उतरले. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यसैनिक; टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कासाठी त्या लढल्या.

यातून घ्यायचं काय? गेलताईंनी ठरलेली वाट सोडली, काम सोडलं नाही. लिहिणं, संशोधन, शिकवणं चालूच ठेवलं. आणि त्या एकट्या नव्हत्या. घर पाठीशी होतं, चळवळीतली माणसं सोबत होती.

बलवडीचं बळीराजा धरण

दुसरी गोष्ट खानापूर तालुक्यातली. १९८२ साली मुंबईत गिरणी संप झाला आणि पुष्कळ कामगार गावी परतले. त्यांनी नोकरी हौसेनं सोडली नव्हती. इथं येऊन बघतात तर दुष्काळ. येरळा कोरडी, आणि नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतायत.

मुक्ती संघर्ष चळवळीत लोक एकत्र आले. ठेकेदारानं वाळू नेण्यापेक्षा आपणच थोडी विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, असं ठरलं. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी श्रमदान केलं, अभियंता के. आर. दाते यांची मदत मिळाली. बळीराजा धरण उभं राहिलं.

खरी गोष्ट पुढंच आहे. एरवी ज्याची जमीन त्याचं पाणी. इथं पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला ठरवला, भूमिहीनालासुद्धा. हातात पाणी असलं की दुसऱ्याची जमीन वाट्यानं करता येते. धरणाच्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, हेही ठरलं. कारण थोड्यांचाच ऊस सगळ्यांचं पाणी पिऊन टाकतो.

म्हणजे एकत्र राहणं नुसत्या प्रेमावर टिकत नाही. नियम आधी ठरावे लागतात. आपल्या गटाचंही तसंच नाही का? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेत परतफेड, चोख हिशोब. ही पंचसूत्री पाळली तरच गट चालतो.

मग पोरीला काय विचारायचं?

- पहिली दोन वर्षं घरखर्च आणि कर्जाचा हप्ता कशातून भागणार? शेतीबरोबर हातात दुसरं कोणतं काम आहे?
- सोबत कोण आहे? एखादी मधेच निघून गेली तर तिचा पैसा परत कसा करायचा, हे लिहून ठेवलंय का?
- पाणी कुठलं, उन्हाळ्यात पुरतं का? पाण्याचा वाटा कोण ठरवणार?
- सात-बारावर कोणाचं नाव आहे? जमीन नवऱ्याची असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत त्याच्या अर्जावरून बायकोचं नाव लागतं. तलाठ्याकडं चौकशी करा.
- रांधणं-वाढणं, म्हाताऱ्यांचं बघणं कोणाच्या वाट्याला? "सगळे मिळून" म्हणायचं आणि चूल एकटीच्याच गळ्यात, असं नको.

उत्तरं पटली तर पाठीशी उभ्या राहा. नाही पटली तर वर्षभर सुट्टीच्या दिवशी येऊन काम करून बघ म्हणावं, तोवर नोकरी राहू दे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि पोरीला जे विचारलं तेच घरातल्या पोरालाही विचारा.