जुन्या मोटारगाडीच्या एंजिनाचे निदान

एंजिन पूर्वीसारखे ओढत नाही, ही तक्रार जितकी सर्वसामान्य तितकीच निदानाच्या दृष्टीने अपुरी होय. मिश्रणावर पुरेसा दाब, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाण या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच सिलिंडरमध्ये अपेक्षित शक्ती उत्पन्न होते. यांपैकी कोणतीही एक उणी पडली तरी चालकाला येणारा अनुभव बहुधा एकच असतो. सबब लक्षणावरून एकदम कारणाकडे न वळता एकेक कारण वगळीत जाणे, हाच येथे शास्त्रशुद्ध मार्ग ठरतो.

उदाहरणासाठी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११००, म्हणजेच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी घेणे सोयीचे आहे. तिचे एंजिन चार सिलिंडरांचे असून सिलिंडरचा व्यास ६८ मि. मी. व दट्ट्याची धाव ७५ मि. मी. आहे, एकूण आकारमान १,०८९ घन सें. मी. भरते. संगणकाचा वा संवेदकाचा तीत लवलेशही नसल्यामुळे निदानाचा सारा भार परीक्षकाच्या तर्कबुद्धीवर पडतो. मुंबईतील टॅक्सी म्हणून तिची कारकीर्द २०२३ मध्ये संपली असली, तरी हौशी मालकांनी अशा गाड्या जपून ठेविल्या आहेत. सुटे भाग दुर्मिळ झालेले असताना चुकीच्या निदानापायी चांगले एंजिन उघडले जाणे हे त्यांच्या दृष्टीने केवळ खर्चाचे प्रकरण नव्हे. कित्येकदा गाडी कायमची उभी राहते.

प्रथम दाब तपासावा. झडप जळलेली असल्यास ठिणगी व मिश्रण यांत कितीही फेरफार केले तरी ते व्यर्थच. एंजिन गरम असताना चारही प्लग काढून व थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टरने एंजिन फिरवितात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. येथे आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. एखाद्या सिलिंडरचा दाब बराच कमी आढळल्यास त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजते. न वाढला तर झडपांत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरलेला असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो.

दाब ठीक असल्यास ठिणगीकडे वळावे. येथे एक क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. कॉन्टॅक्ट पॉइंटांची फट वाढविली की पॉइंट लवकर उघडतात व ठिणगीही लवकर पडते. म्हणून आधी फट आणि मगच टायमिंग लावावयाचे. उलट क्रमाने काम केल्यास नुकतेच लावलेले टायमिंग बिघडते, आणि हे घडते तेव्हा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. कंडेन्सर निकामी होऊ लागला म्हणजे पॉइंटांवर निळसर ठिणग्या उडतात व ते लवकर जळतात. प्लगवरील ठिणगी मात्र क्षीण होते. हा लहानसा भाग कार्ब्युरेटर दुरुस्त करणाऱ्यांना फार काम मिळवून देतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतर मिश्रणाचा विचार. हा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे, कारण २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर विकले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. या मिश्र इंधनाला सुमारे १३.५. कार्ब्युरेटरचे जेट ठराविक मापाचे असल्याने ते हा फरक ओळखू शकत नाही आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. याउलट उंचीवर हवा पातळ झाल्याने तोच कार्ब्युरेटर मिश्रण दाट करतो. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हा परिणामही जवळजवळ तेवढाच भरतो; म्हणजे मुंबईत अडखळणारी गाडी तेथे मिश्रणापुरती तरी सुधारलेली दिसावी! पातळ हवेमुळे एकूण शक्ती घटते, हे अर्थात वेगळे.

तथापि प्रत्येक विरळपणाचे खापर इथेनॉलवर फोडणे अयोग्य होय. चोक किंचित ओढल्यावर एंजिन सुधारले तर मिश्रण विरळ आहे एवढेच सिद्ध होते; ते कशामुळे, हे दोष केव्हा प्रकट होतो त्यावरून ठरवावे लागते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल, तर एंजिन मंद गतीत धडधडते, पण थ्रॉटल उघडताच सावरते. कारण एकूण हवेच्या मानाने ती गळती तेव्हा नगण्य ठरते. पेट्रोलचा पंप कमी पडत असेल, तर सपाटीवर काहीच जाणवत नाही. बोरघाटासारख्या चढावर एंजिन काही वेळ नीट ओढते, फ्लोटच्या भांड्यातील साठा आटला की धापा टाकू लागते आणि क्षणभर थांबल्यास पुन्हा चालते. इंधनामुळे आलेला विरळपणा मात्र थंड वा गरम, मंद वा जलद, अशा सर्वच स्थितींत थोडाथोडा राहतो.

या तिहींपैकी पंपाच्या बाबतीत इथेनॉलचा दोष अप्रत्यक्ष असू शकतो. जुन्या जातीचे रबर त्याने फुगते वा ठिसूळ होते, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सुटून गाळणी तुंबते. म्हणून जेट बदलण्याचा विचार करण्यापूर्वी पंपाचा पडदा, नळ्या व गाळणी पाहिलीच पाहिजे. त्यातही नळी भेगाळलेली आढळल्यास ती त्याच दिवशी बदलावी, कारण तप्त एंजिनावर ठिबकणारे पेट्रोल हा शक्तीचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे. हे सर्व ठीक असूनही प्लगचे टोक पांढुरके दिसत राहिले, तरच मुख्य जेट एका मापाने मोठे बसवावे आणि काही अंतर गाडी चालवून प्लगचा रंग पुन्हा पाहावा. तो फिकट तपकिरी झाला की तेथेच थांबावे. काजळी धरू लागला, तर मूळ जेट पुन्हा बसवावे.